ऐकणारीचं कोण ऐकतं?

माझी पहिली नोकरी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. स्त्रियांसाठीचं समुपदेशन केंद्र. दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, दोन समुपदेशक आणि एक समन्वयक. तिथल्या नोंदवहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे : 'अर्जदार पुन्हा आली नाही. प्रकरण बंद.' ही ओळ खोटी नाही. पण तिच्यामागे काय घडलं ते नोंदवहीत नाही. ते मला आज लिहायचं आहे, कारण त्यातून निघालेला प्रश्न माझ्या एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

तिला सुमन म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे छापायचं का, असं तिला विचारलं आहे आणि ती 'लिहा' म्हणाली आहे.

सुमन आठवडी बाजाराच्या दिवशी आली. भाजी घ्यायच्या निमित्तानं घरून निघालेली, कडेवर धाकटी मुलगी. नवरा टेम्पो चालवायचा. संशय घ्यायचा, मारायचा, मोबाइल ठेवू द्यायचा नाही. तासभर ती बोलली. जाताना म्हणाली, "आज मन मोकळं झालं. पुढच्या बाजारी येते, मग बघू काय करायचं." मी फॉर्म भरला. फॉर्मवर नवऱ्याच्या फोन नंबरचा रकाना होता, तोही भरला. केंद्राची रीत अशी, की अर्ज आला की समोरच्याला बोलवायचं आणि दोन्ही बाजू ऐकायच्या. महिनाअखेर होती, अहवाल द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला. अगदी सौम्य आवाजात म्हटलं, "तुमच्या पत्नीनं अर्ज दिलाय, जरा येऊन भेटाल का?" तो 'येतो मॅडम' म्हणाला, तेही सौम्य आवाजातच.

त्या रात्री त्यानं तिचा हात मोडला.

मला ते पाच महिन्यांनी कळलं. दरम्यान मी ती ओळ लिहून मोकळी झाले होते. सुमन पुन्हा आली तेव्हा प्लास्टर निघालेलं होतं आणि हात कोपरात सरळ होत नव्हता. ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "ताई, फोन करायच्या आधी मला विचारलं असतंत तर त्या दिवशी मी भावाकडे जाऊन राहिले असते."

मी समन्वयकांना सांगितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "असं होतं गं. मनाला लावून घ्यायचं नाही. सवय होते." मग त्यांनी त्या महिन्यात किती प्रकरणं निकाली निघाली ते विचारलं. घरी सांगावं तर सांगता येत नव्हतं, कारण गुप्तता पाळायची असते. मैत्रिणीला सांगावं तर तीही त्याच गावातली. पुढे कितीतरी महिने फोनला हात लावताना माझ्या पोटात गोळा यायचा. दोन बायकांना तर मी काहीबाही कारण सांगून दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवलं. म्हणजे एका चुकीची किंमत आधी सुमननं दिली आणि मग या दोघींनी.

मैत्रिणींनो, मला विचारायचंय ते हे : त्या फोनआधी मला थांबवणारं कुणी का नव्हतं? आणि त्या फोननंतर माझं ऐकून घेणारं कुणी का नव्हतं?

पदवीच्या दुसऱ्या दिवशी

समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकलेल्यांना आठवेल. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क. प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग हातानं लिहायचं : कोण भेटलं, ती काय म्हणाली, मी काय म्हटलं, मला काय वाटलं. दर आठवड्याला आपल्या शिक्षकांबरोबर एकटीची बैठक, शिवाय गटाची वेगळी. माझ्या बाई लाल शाईनं समासात लिहायच्या : 'हे तिचं म्हणणं की तुझं?' तेव्हा त्या लाल शाईचा राग यायचा. दोन वर्षं ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नाही, कारण बिघडवण्याइतके अधिकारच हातात नव्हते, अशा आम्हा विद्यार्थिनींवर दर आठवड्याला कुणीतरी तास-तासभर वेळ खर्च करत होतं.

पदवी मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. आता समोर खऱ्या बायका, खरे नवरे, खऱ्या पोलीस चौक्या. एक फोन, एक पत्र, एक सल्ला कुणाच्या जिवावर बेतू शकतो. आणि नेमक्या याच वेळी लाल शाई गायब.

ज्यांना ही पदवीसुद्धा मिळालेली नाही त्यांचं काय? आपल्या संघटनांमध्ये ऐकण्याचं निम्म्याहून जास्त काम वस्तीतल्या कार्यकर्त्या करतात. त्या स्वतः मार खाऊन उठलेल्या असतात, दहा दिवसांचं शिबिर केलेलं असतं आणि रात्री-अपरात्री दार वाजलं की उघडतात. त्यांच्या वाट्याला तर लाल शाई कधीच आली नाही.

शब्दातच घोळ आहे

'सुपरव्हिजन'ला मराठीत 'पर्यवेक्षण' म्हणतात. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? दहावीच्या वर्गात बाकांमधून फिरणारे, कॉपी पकडणारे सर. नाहीतर अंगणवाडीची पटसंख्या तपासायला येणाऱ्या मॅडम. त्यामुळे 'समुपदेशकांना पर्यवेक्षण हवं' म्हटलं की पहिली प्रतिक्रिया येते, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

कायद्यातही हाच घोळ. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा. त्याचे नियम २००६ साली आले. त्या नियमांमध्ये समुपदेशकानं न्यायालयाच्या किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण देखरेखीखाली काम करावं, असं म्हटलं आहे. ही देखरेख प्रशासनाची. तारखेला अहवाल आला का, बैठक झाली का, हे ती पाहते. बाई खोलीतून गेल्यावर समुपदेशकाच्या मनात काय उरलं आणि त्याचा पुढच्या निर्णयावर काय परिणाम झाला, हे पाहणं तिचं काम नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात अल्फ्रेड कादुशिन यांचं १९७६ चं पुस्तक सांगितलं जातं. त्यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली : प्रशासन, शिक्षण आणि आधार. आपल्याकडे पहिलं तेवढं उरलं आणि त्यालाच सुपरव्हिजन म्हणायची सवय लागली. मी या लेखात ज्याबद्दल बोलते आहे ती उरलेली दोन कामं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अनुभवी व्यक्तीसमोर बसून आपलं काम उघडून दाखवायचं. कुठे अडलं, कुठे चुकलं, कुठे भीती वाटली, कुठे बाईचा राग आला, हे बोलायचं आणि त्यातून पुढचं पाऊल ठरवायचं. मराठी शब्द रुळेपर्यंत मी 'सुपरव्हिजन'च म्हणते.

हे माहेरपण नव्हे. माहेरी लाड होतात, आपलंच बरोबर ठरतं. इथे प्रश्न विचारले जातात. आणि हे उपचारही नव्हेत. ऐकता ऐकता एखादीची स्वतःची जुनी जखम उघडली, तर तिला त्यासाठी वेगळी मदत मिळायला हवी. सुपरव्हिजनच्या केंद्रस्थानी समुपदेशक नसते. तिच्यासमोर बसणारी बाई असते.

चार प्रश्न

गेली तीन वर्षं मी दुसऱ्या एका जिल्ह्यात काम करते. इथल्या तीन केंद्रांनी मिळून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक सुरू केली आहे. मनोरुग्णालयात अनेक वर्षं समाजसेविका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या एक ताई येतात. आमच्यापैकी कुणाच्याही पगारावर, बढतीवर, कंत्राटावर त्यांचा अधिकार नाही. ही अट आम्ही पहिल्याच दिवशी लिहून घेतली.

सुमनची गोष्ट मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, त्या म्हणतील 'जाऊ दे', किंवा म्हणतील 'फार मोठी चूक केलीस'. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही. चार प्रश्न विचारले. फोन करू का, असं तिला विचारलं होतंस? फोन गेल्यावर त्या रात्री ती कुठे असणार होती, याचा विचार केला होतास? त्याला बोलवल्यानं काय होईल अशी तुझी अपेक्षा होती? आणि घाई कुणाची होती, तिची की तुझी?

चौथ्या प्रश्नाला मी गप्प झाले. घाई माझी होती. महिनाअखेरची.

हेच चार प्रश्न फोनआधी कुणी विचारले असते तर? हे प्रश्न काही फार विद्वत्तेचे नाहीत. आमच्या वस्तीतल्या कार्यकर्तीलाही ते सुचतील. पण खोलीत एकटं असताना, बाहेर दोघी जणी थांबलेल्या असताना, टेबलावर अहवालाचा कागद असताना ते सुचत नाहीत. म्हणून ते विचारणारं कुणीतरी ठरवूनच ठेवावं लागतं.

आता आमच्या तिन्ही केंद्रांत नियम आहे. बाईच्या स्पष्ट संमतीशिवाय आणि ती त्या रात्री कुठे असेल हे ठरल्याशिवाय नवऱ्याला फोन नाही, पत्र नाही, घरभेट नाही. तिचा सुरक्षित नंबर कोणता, कोणत्या वेळी फोन करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं, हे फॉर्मवर पहिल्या ओळीत लिहायचं. 'दोन्ही बाजू ऐकायच्या' ही रीतही आम्ही तपासली. २००६ च्या नियमांनुसार न्यायालयानं पाठवलेल्या समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येत नाही, आणि बैठक सुरू होण्याआधी त्याला तसं सांगावं लागतं. मग आपल्याच केंद्रात 'पण ती उलटून बोलते' हे आपण तासभर ऐकून घेतो ते कशासाठी? हा प्रश्न मला एकटीला कधी पडला नव्हता. बैठकीत पडला.

कानातून आत जातं ते

लिसा मॅकॅन आणि लॉरी पर्लमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एक गोष्ट नीट मांडली. अत्याचार सोसलेल्यांचं सतत ऐकणाऱ्या माणसाच्या जगाकडे पाहण्यातच बदल होत जातो. विश्वास, सुरक्षितता, जवळीक, सगळ्याला तडे जातात. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे नाव माहीत नसेल, पण अनुभव ओळखीचा आहे. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं तरी छातीत धडधडतं. मुलीला खेळायला पाठवताना जीव घाबरा होतो. नवऱ्यानं आवाज चढवला की समोर बसलेल्या दहा बायका आठवतात. नाहीतर याच्या अगदी उलट : बाई रडते आणि आपल्याला काहीच होत नाही, आपण रकाने भरत राहतो. 'सवय होते' म्हणतात ती हीच.

ही सवय धोक्याची असते, आणि आधी समोरच्या बाईसाठी. माझंच सांगते. एक बाई चौथ्यांदा नवऱ्याकडे परत गेली आणि पाचव्यांदा आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "आता तुम्हीच ठरवा काय ते." शब्द चांगलेच होते, स्वयंनिर्णयाचे. आवाज मात्र हाकलून देणारा होता. बैठकीत ताईंनी विचारलं, "तू नक्की कुणावर चिडली होतीस?" आणि मला माझी मावशी आठवली. जन्मभर परत परत जाणारी आणि शेवटी तिथेच संपलेली. ती बाई माझी मावशी नव्हती. पाचव्यांदा आली हेच तिचं बळ होतं. मी पुढच्या भेटीत तिची माफी मागितली आणि प्रत्येक वेळी परत जाताना घरात, हातातल्या पैशात, मुलांच्या शाळेत नेमकं काय बदललेलं होतं, हे विचारलं. तेव्हा पहिल्यांदा तिची योजना मला दिसली. ती दर वेळी थोडे कागद बाहेर काढत होती : रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे दाखले, बँकेचं पासबुक.

आणखी एक प्रसंग, माझ्या सहकारी मैत्रिणीच्या परवानगीनं. ती दलित आहे. एक सवर्ण बाई तीन महिने तिच्याकडे येत होती आणि केंद्रातलं पाणी कधी पीत नव्हती. बाटली घेऊन यायची. एक दिवस सहज म्हणाली, "दुसऱ्या मॅडम नाहीत का?" मैत्रिणीनं ते गिळलं. कारण समोरची 'पीडित' आणि आपण 'मदत करणारी', मग आपल्याला लागलेलं बोलायचं कुणाकडे? बैठकीत ती हे बोलली तेव्हा आम्हा बाकीच्यांना आधी आमच्याच गप्प बसण्याचा हिशोब द्यावा लागला. ती बाटली आम्हीही पाहिली होती. त्यानंतर ठरलं, की समुपदेशक जात पाहून बदलून मिळणार नाही. आणि असं काही घडलं तर ते सांगण्याची जबाबदारी एकट्या तिची नाही, केंद्राची. सुपरव्हिजन म्हणजे केवळ मन हलकं करणं असतं, तर हा निर्णय झाला नसता.

गुपित कुठपर्यंत?

समुपदेशनाचा पाया गुप्तता. पण आपल्याकडे ती दोन टोकांना असते. एकीकडे चहाच्या वेळी 'आज ती आली होती ना, अमक्याची सून' असं सर्रास बोललं जातं. छोट्या गावात आडनावसुद्धा लागत नाही, 'किराणा दुकानवाल्यांची' म्हटलं तरी पुरतं. दुसरीकडे समुपदेशक जिवावरचं गुपित एकटी पोटात घेऊन हिंडते. सुपरव्हिजन ही या दोन्हींच्या मधली, नियम असलेली जागा आहे. तिथे नाव घ्यायचं नाही, लागेल तेवढाच तपशील सांगायचा, बाहेर एक शब्द न्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे पहिल्या भेटीतच बाईला सांगायचं, "माझं काम नीट व्हावं म्हणून मी एका अनुभवी ताईंचा सल्ला घेते, तुमचं नाव न सांगता. चालेल ना?" आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट एक आजी म्हणाली, "तुमच्या पण वर कुणीतरी आहे म्हणजे बरंय."

काही वेळा कायदाच गुपित ठेवू देत नाही. सतरा वर्षांची, लग्न झालेली, चार महिन्यांची गरोदर मुलगी सासू मारते म्हणून येते. पॉक्सो कायदा २०१२ चा. अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो. म्हणजे कळवायचं, यात पर्याय नाही. पण मुलीला हे कधी सांगायचं, बोलायला सुरुवात करण्याआधी की नंतर? कळवल्यावर ती त्या रात्री कुठे राहणार? डॉक्टरकडे कोण नेणार? बालकल्याण समितीपुढे तिच्यासोबत कोण उभं राहणार? कायदा 'काय' ते सांगतो. 'कसं' ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि तेही संध्याकाळच्या आत. अशा वेळी ज्यांना फोन लावता येईल अशी एक व्यक्ती नक्की असणं ही चैन आहे का?

आक्षेप

हा विषय मी काही बैठकांमध्ये मांडला आहे. जे आक्षेप आले ते प्रामाणिक होते, म्हणून उत्तर देते.

पहिला : 'आपण चळवळ आहोत, क्लिनिक नाही. हे सगळं व्यावसायिकांचं खूळ आहे.' या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. बाईचं दुःख हा तिच्या मनाचा आजार नसून समाजाच्या रचनेचा परिणाम आहे, हे चळवळीनंच शिकवलं. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ आलं ते बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून. पण त्याच चळवळीनं ऐकण्याच्या जागाही उभ्या केल्या. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुण्यात नारी समता मंचानं 'बोलते व्हा' केंद्र चालवलं. 'सेहत' आणि मुंबई महानगरपालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' सुरू केलं, आणि पुढे २०१२ साली 'सेहत'नं हिंसाग्रस्त स्त्रियांच्या समुपदेशनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. म्हणजे नीतीचा प्रश्न चळवळीला परका नाही. आपण पोलिसांना जाब विचारतो, डॉक्टरांना विचारतो, न्यायाधीशांनाही विचारतो. बंद खोलीत आपण काय करतो, याचा जाब आपल्याला कोण विचारतं?

दुसरा : 'यातून नवी उतरंड तयार होईल.' होऊ शकते. जिनं कधी मार खाल्लेल्या बाईशेजारी बसून पोलीस ठाण्यात रात्र काढली नाही, अशी कुणीतरी शहरातून येऊन कार्यकर्तीला भाषा शिकवू लागली, तर ती सुपरव्हिजन नको. म्हणून सुपरव्हिजन देणारी स्वतः हे काम केलेली असावी, स्त्रियांच्या प्रश्नाची आणि जातीची तिची समज तपासलेली असावी, आणि वर्षाअखेरीला तिच्या कामाबद्दल बोलण्याचा हक्क आपल्यालाही असावा. ब्रिटिश असोसिएशन फॉर कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी या व्यावसायिक संघटनेचा दंडक आहे, की काम करणाऱ्या प्रत्येक सदस्यानं नियमित सुपरव्हिजन घ्यायचीच, मग तो कितीही अनुभवी असो. ते तसंच्या तसं उचलावं असं मी म्हणत नाही. पण अनुभव आला की विचारण्याची गरज संपते, ही आपली समजूत मात्र सोडायला हवी. आमच्या ताई स्वतः अजून महिन्यातून एकदा त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे जातात.

तिसरा : 'पैसे कुठून आणायचे?' खरा प्रश्न. निधी देणारे पगार देतात, प्रवास देतात, पत्रकं छापायला देतात. सुपरव्हिजनचा रकानाच त्यांच्या अर्जात नसतो. सरकारी केंद्रांतल्या कंत्राटी मुलींचे पगार वेळेवर होत नाहीत, तिथे हे मागायचं कसं? आम्ही काय केलं ते सांगते. तीन केंद्रांनी खर्च वाटून घेतला : ताईंचं थोडं मानधन, चहा-पोहे आणि एसटीचं भाडं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचाही फायदा झाला. नव्या प्रस्तावात आम्ही हा रकाना स्वतः घातला. एका निधी संस्थेनं तो खोडला. आम्ही कारणासहित पुन्हा घातला. दुसऱ्या वेळी राहिला.

आणि ज्यांना अशा ताई मिळणारच नाहीत? तिथे समवयस्क कार्यकर्त्यांची नियमित बैठकही पुष्कळ काही करू शकते. फक्त तिची शिस्त पाळायला हवी. एकीनं मांडायचं, बाकीच्यांनी आधी नुसते प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटी. एरवी आपण सल्ले द्यायला किती उतावीळ असतो ते आपल्याला माहीत आहेच.

काय मागायचं?

माझं म्हणणं थोडक्यात असं. महिन्यातून किमान एकदा, कामाच्या वेळेत, पगारी वेळेत सुपरव्हिजन मिळणं हा प्रत्येक समुपदेशकाचा हक्क असावा, आणि वस्तीतल्या कार्यकर्तीचाही. पगार ठरवणारी आणि सुपरव्हिजन देणारी व्यक्ती एक नसावी. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे लेखी असावं. तातडीच्या वेळी फोन करण्यासाठी एक नाव ठरलेलं असावं. आणि चूक सांगणारीला शिक्षा होऊ नये. चूक लपवावी लागली की ती पुन्हा होते. माझ्या त्या नोंदवहीतल्या ओळीसारखी ती 'प्रकरण बंद' या शब्दांखाली जाऊन बसते.

यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्यासाठी पैसे लागत नाहीत. आपल्या संघटनांमध्ये आपण जगाशी भांडायला शिकलो. 'माझ्या हातून एका बाईचं नुकसान झालं' हे आपल्याच मैत्रिणींसमोर म्हणायला मात्र शिकलो नाही. मला ते म्हणायला सहा वर्षं लागली.

सुमन आता तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते, एका मेसमध्ये पोळ्या करते. तिचा डावा हात अजून पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे पोळी लाटताना ती कोपर पोटाशी धरते. हा लेख लिहू का असं विचारायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "हे वाचून बाकीच्या ताई फोन करायच्या आधी विचारतील का?" मी म्हटलं, "प्रयत्न करते."

तुमच्या केंद्रात काय पद्धत आहे? तुम्ही अडलात तर कुणाकडे जाता? या अंकानंतरच्या तुमच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि काय बोलणं झालं ते, आक्षेपांसकट, आम्हाला लिहून कळवा.